जमुनाचे कान

— अवं बाई, कान वाजते म्हनते ना तुही पोरगी? मंग हासू नको. अमरावतीच्या या दवाखान्यात आलीच हायेस तं दाखवूनच जाय. नाई व, माहे कान चांगले हायेत. माही सून हाय आत, जमुना. तो नागपूरहून बदलून आलेला डाक्टर — त्यानं एक लोखंडी चिमटा ठोकून वाजवला, तिच्या कानाजवळ धरला. काहीच नाई. मंग कानामांगच्या हाडाले टेकवला, तं ती म्हने, वाजते! डाक्टर मले इचारते, बाळंतपनानंतर कमी ऐकू येत होतं का? काय सांगू? पयल्या पोरीच्या वक्तीच ती म्हने, आत्याबाई, कानात रातकिडे वाजतेत. मी म्हनलं, तेल टाक अन कामाले लाग. आवाज देल्ला तं वळे नाई — मले वाटलं गुर्मी, बार्शीटाकळीच्या माहेराचा तोरा. डाक्टर म्हने, तवाच आनाले पायजे होतं. कान वाजते, कान वाहते, एकच गोष्ट दोनदा इचारा लागते — तवाच. दुसऱ्या बाळंतपनानं आनखी गेलं. गेलेलं औषधानं वापस येत नाई म्हने.

दुसरं? पोरगा होता. वलगावले भाजीचा मळा हाय आमचा. मांगच्या चैतात बाभळीले झोळी बांधून ती दहा पावलांवर वांगे तोडून राहिली होती — पाठमोरी. लेकराले इच्चू चावला. कसं रडलं, बाई — मी पार बांधावरून ऐकलं, पयत आली, अन ही वांगेच तोडून राहिली! सांजवेरी लेकरू गेलं. मी... मी साऱ्या गावासमोर म्हनलं, हिनं ऐकूनही न ऐकल्यावानी करून लेकरू मारलं. हो. म्हनलं मी. गोवर्धननं, माह्या पोरानं, तिले माहेरी नेऊन टाकलं. तिले सोतालेच समजत नव्हतं ना, आपल्याले कावून ऐकू आलं नाई.

काल तिचा भाऊ चंद्रभान दारात आला — म्हने, पार्बताबाई, चाला, डाक्टर काय म्हनते ते तुमच्या कानानं ऐका. ऐकलं. आता तिले म्हनाव वाटते, माहं चुकलं. पन हळू बोललं तं तिले समजत नाई, अन मोठ्यानं — हे मोठ्यानं कसं बोलू, बाई? मघाशी बोलली मी जरासं. ती म्हने, 'काय?' मी म्हनलं, पानी पायजे का?

थांब, दार उघडलं, जमुना भाइर आली. तू जाय आता, तुह्या पोरीचा नंबर हाय. जाय म्हनलं ना. माह्याकडं पाहू नको.