शाळेमागच्या सागाची उंची

— नाही, गोदा घरी नाही, मामाकडे गेली आहे, आणि असती तरी हे बक्षीस मी तिच्या हाती पडू दिलं नसतं. बसा ना, उभे का? मुंबईहून इथवर, तोही शेवटचा घाट बैलगाडीत — मासिक काढणारे लोक मुलांसाठी एवढे कष्ट घेतात, मला खरंच वाटलं नव्हतं. हो, वाचलं मी, ‘असं उत्तर दुसऱ्या कुणाचंही आलं नाही’ — कुमारी गोदा, इयत्ता चौथी, जव्हार. मुलगी माझीच. उत्तर तिचं नाही.

पोशीचं. साखरशेतची नवशी आमच्याकडे भात कांडायला येते, तिची पोर — दहा वर्षांची असेल, अकरा असेल, कुणी मोजलीत? आई कांडायची तोवर ही ओसरीवर बसून माझ्याकडून अक्षरं शिकली. तुमचा अंक आला की आधी कोडं वाचायची. तर ते झाडाचं कोडं — वर न चढता उंची सांगा. पुस्तकातलं उत्तर तुम्हालाही ठाऊक, मलाही: आपली सावली आपल्याएवढी झाली की झाडाची सावली मोजावी. पण श्रावणात इथे सावली आणायची कुठून? पंधरा-पंधरा दिवस ऊन नाही. मग हिनं काय करावं — अंगणात बांबू रोवला, त्याच्याकडे पाठ केली, ओणवी झाली आणि दोन पायांमधून मागे बघायला लागली. शेंडा दिसेना, म्हणून एक पाऊल पुढे, आणखी एक — दिसला तिथे खूण केली. बांबू उपटून आडवा टाकला, तर बरोबर खुणेपर्यंत! चार बांबू घेतले लहानमोठे, चारही वेळा तेच. मग शाळेमागच्या सागापासून तशीच ओणवी होत होत गेली. अठ्ठावीस हात. गोदा आणि मी पोट धरून हसत होतो, आणि ती चिखलात खूण करत होती.

नाव? तुमच्या कागदावर शाळा आणि इयत्ता लिहायची होती, पोशीला दोन्ही नव्हतं, म्हणून मी — नाही, तसं नाही. जागा कोरी सोडता आली असती. मला गोदाचं नाव छापलेलं बघायचं होतं, एवढंच. अंक आला तो मी पेटीत लपवला, कारण पोर वाचायला लागली होती, मीच शिकवलेलं. रोज विचारायची, आलं का, आलं का. शेवटी सांगून टाकलं, तुझं उत्तर चुकलं. रडली नाही ती. म्हणाली, “किती हात चुकलं, मास्तर?”

आता काय सांगायचं? म्हटलं, तीन हात.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात होतो. ती विहिरीचा दोर खांद्यावर टाकून सागावर चढली — पावसानं खोड नुसतं निसरडं. शेंड्याशी दोर बांधला, खाली सोडला, आणि उतरताना — आवाज आम्ही वर्गात ऐकला. दोर मोजायचा राहिला होता तिचा. तिला नेल्यावर मी मोजला. तीनदा मोजला. अठ्ठावीस.

नवशी महिन्याभरानं परत कामाला आली. मला म्हणते, “मास्तर, तुमी माझे पोरीला वाचाया शिकवलं. आमाला कोण शिकवतं?” नागलीची भाकर आणते माझ्यासाठी, फडक्यात बांधून. खातो मी. नको म्हणायला तोंड लागतं ना.

हे काय, पेन्सिल कशाला काढलीत? नाही हो, छापू नका, गोदाला शाळेत मुली काय म्हणतील, आणि माझी नोकरी — थांबा. थांबा जरा.

लिहा. पोशी. श शेंडीफोड्या, पोटफोड्या नाही. गाव साखरशेत. हयात नाही असंही लिहा. पण पुढचा अंक इथे यायच्या आत मला नवशीला सांगायचं आहे, माझ्या तोंडानं, आणि ती आत्ता मागच्या अंगणात आहे — नाही, तुम्ही येऊ नका. तुम्ही निघा.