सॅकच्या तळातला बिब्बा

जबाब
नाव: श्रीमती सत्यभामा रामकिसन सुरवसे, वय ४८ वर्षे, धंदा: गोधड्या शिवणे, रा. नळदुर्ग, जि. धाराशिव.

मला कोणी बोलावलेले नाही. मी स्वतः ठाण्यात येऊन समक्ष सांगते की, मी वरील पत्त्यावर राहते. माझे पती अकरा वर्षांपूर्वी फरशी पुलावरून मोटारसायकलसह वाहून गेले. मुलगा कृष्णराज, वय २३, माझ्याजवळ राहत होता.

माझे दीर अंकुश यांनी फिर्याद दिली आहे की, विरेश महालिंगप्पा बिराजदार याने कृष्णराजला फाटकी सॅक दिली व त्यामुळे तो नदीच्या डोहात बुडून मयत झाला. सॅक फाटकी नव्हती.

विरेश हा कृष्णराजचा मित्र. सुट्टीच्या दिवशी तो चार-पाच जणांना घेऊन नदीकाठाने भटकंतीला जातो. त्याच्याकडे वॉटरप्रूफ सॅक आहेत. तोंड गुंडाळून क्लिप लावली की हवा आत कोंडते. डोह ओलांडताना ती छातीशी धरतात. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला रिकामा डबा बांधतात, तसेच ते आहे. पती गेल्यापासून मी कृष्णराजला विहिरीवर जाऊ दिले नव्हते. त्याला जेमतेम पोहता येत होते.

शनिवारी संध्याकाळी तो सॅक भरायला घरी घेऊन आला. आत मराठीत सूचनेची पट्टी होती. मी शाळेत गेलेली नाही. पती वारल्यावर दुकानांच्या पाट्या आणि पुड्यांचे कागद अक्षर अक्षर लावून वाचायला शिकले. पट्टीवर ‘छिद्र पाडू नये’ असे होते. छिद्र हा शब्द मला कळला नाही. कृष्णराज जेवत होता. तो म्हणाला, “आये, भोक. भोक पाडू नका म्हणतंय.”

मी म्हणाले, “मग भोक लिवायला काय झालं त्यास्नी?”

तो म्हणाला, “तू लिव की. तुज्या गोधड्याबी वॉटरप्रूफ म्हणून इकू.”

शेजारच्या शांताक्का दारात बसल्या होत्या. तो हात धुवायला गेल्यावर त्या मला म्हणाल्या, “लेकरू पान्याकडं चाललंय. मोकळं धाडू नको, सत्यभामा.”

दृष्ट लागू नये म्हणून मी त्याच्या गाडीला बिब्बा बांधला होता, तो त्याने काढून टाकला होता. म्हणून या वेळी त्याला न सांगता, काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा मी सॅकच्या आत, अगदी तळाला टाचला. गोधडीची जाड सुई वापरली. सुईचे भोक म्हणजे भोक नव्हे, असे मला वाटले. मी रोज कापडात सुई घालते.

सकाळी तो सॅक पाठीला लावून गेला. मी बरोबर शेंगाची चटणी दिली होती.

विरेश आधी पलीकडे पोहोचला होता. कृष्णराज मधोमध आला तेव्हा सॅक मऊ पडली, असे विरेशने मला सांगितले. विरेश परत पाण्यात शिरला आणि त्याला घेऊनच बाहेर आला. चटणीचा डबा सॅकमध्ये तसाच होता.

बुधवारी मला ठाण्यात सॅक ओळखायला दाखवली. तळाला माझा काळा दोरा होता. बिब्बा नव्हता. बाहेर बाकावर विरेश बसला होता. मी विचारले, “आतला बिब्बा कुठंय?”

तो म्हणाला, “कसला बिब्बा, काकू? तुमी घरी जावा.”

त्याच्या बोटांवर आणि ओठावर बिब्बा उतल्याचे, म्हणजे त्याचे तेल लागल्याचे, फोड होते. दोरा त्याने दातांनी तोडला असणार. त्याने हे कोणासाठी केले ते मी विचारले नाही.

आज येतानाही तो त्याच बाकावर होता. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. शांताक्कांचाही दोष नाही. सुई माझी होती. सॅकच्या तळाला जे भोक आहे ते मी पाडले. पट्टीवरचे मला वाचता आले होते.

हा जबाब मला वाचून दाखवू लागले तेव्हा मी कागद मागून घेतला आणि स्वतः वाचला. वरच्या ओळीत ‘सूक्ष्म छिद्र’ असे लिहिले होते. ते खोडून ‘भोक’ लिहून घेतले. आता तो मी सांगितला तसा आहे.

सही: सत्यभामा रामकिसन सुरवसे