टाकीतला कोयता

दामाजी : त्या दिवशी तू जीपमधून हसत उतरलास, सुधीरसाहेब. तिला टाकीतून नुकतीच वर काढलेली. तू विचारलंस, टाकीवरच्या ड्रमचा रंग वाळला काय?

सुधीर : मला माहीत नव्हतं हो, दामाजीकाका. मंजुळाकाकू गेल्याचं मला तिथंच कळलं.

चंद्रभागा : कळल्यावर पण रंगाला बोट लावून बघितलंस. माझ्या भावजयीचं अंग अजून गरम होतं.

सुधीर : चंद्रभागाताई, मी माफी मागायलाच आलोय. आणि... रविवारी वागळे इस्टेटला सभा आहे. आमच्या कंपनीसारखे गोबरगॅसच्या टाक्या बनवणारे सगळे कारखानदार येणार. सरकारने गावोगाव टाक्यांना सबसिडी वाढवावी, अशी मागणी आहे. कोपरीतली पहिली टाकी तुमची, काका. तुम्ही थोडं बोललात तर...

दामाजी : काय बोलू?

सुधीर : खरं तेच. रॉकेलची लाइन सुटली. घरातला धूर गेला. तबेल्याचं शेण, मासळीची घाण, सगळं कामी आलं.

चंद्रभागा : चूल गेली, चुलीवाली पण गेली. ते कोण बोलणार?

सुधीर : तो अपघात होता, ताई. टाकीजवळ आग आणू नका, हे मी बजावलेलं.

चंद्रभागा : तेच तर. आमच्यात विहिरीत उतरायचं तर आधी कंदील सोडतात. विझला, तर माणूस उतरत नाय. सभेचे पाहुणे टाकी बघायला येणार, म्हणून तुमच्या पोरांनी रंग द्यायला टाकीवरचा झाकणाचा ड्रम वर टांगला आणि टाकी उघडी टाकून जेवायला गेली. मासळीची घाण ओतताना तिचा कोयता आत पडला. तिनं कंदील आणलेला, मी बघितलं. मग बोलली, साहेब आग नको बोललाय. परत नेऊन ठेवला, आणि उतरली.

दामाजी : येतो मी सभेला.

सुधीर : खरंच, काका?

दामाजी : आधी तो कोयता काढून दे. शिडी लावलेली हाय.

सुधीर : टाकीत? छे. खाली हवा नसते, काका. माणूस टिकत नाही.

दामाजी : हे तुला कधीपासून माहीत?

(सुधीर चपला शोधू लागतो.)

चंद्रभागा : चपला कुठं जात नाय. बोल.

सुधीर : पहिल्यापासून. कंपनीचे मोठे साहेब म्हणालेले, असलं सांगत बसलात तर टाकी कोण घेणार?

दामाजी : बस. हेच मी माइकवर बोलणार. तू बाजूला उभा राहायचंस, आणि हो बोलायचंस.

सुधीर : माझी नोकरी जाईल, काका. घरी आई आहे.

दामाजी : जाऊ दे. मला तेच बघायचंय. तुझी, मग तुझ्या साहेबाची.

चंद्रभागा : आणि नाय बोललास, तर आम्ही ही शिडी टेम्पोत घालून सभेत आणतो. सगळ्यांसमोर विचारतो, साहेब, उतरता काय?

सुधीर : ...ही टाकी तरी बुजवून देऊ का? माणसं पाठवतो.

दामाजी : नको. तिचा कोयता अजून आत हाय. तो काढायचा राहिलाय.