मुकुंदराव गेले तरी कॅचरबद्दल माझं मत तेच

वहिनी, अश्विनी, दुबेजी, आणि इथे जमलेल्या सगळ्या मंडळींनो,

बोलणं अवघड आहे. तिसऱ्या रांगेत कोणीतरी हसलं, ते मला ऐकू आलं. बरोबर आहे. मी वर्तमानपत्राचा वार्ताहर, त्यात संस्कृत शिकलेला. मला बोलणं अवघड जातंय, हे कोणाला पटणार? पण आज जातंय. कारण साधं आहे. गेली अकरा वर्षं मी जे जे बोललो ते मध्येच तोडायला मुकुंदराव रिसबूड शेजारी असत. आज मी चार-पाच वाक्यं पुरी करून गेलो आणि कोणी तोडलं नाही. मला सवय नाही हो. वाक्य संपवतात कसं, हेच विसरलोय.

मघाशी अध्यक्षांनी कानात सांगितलं, "शास्त्रीबुवा, दोनच शब्द. आणि आज वाद नको." मुकुंदरावांच्या शोकसभेत वाद नको! लग्नाला या, पण नवरदेवाचं नाव काढू नका, अशातली गत. अध्यक्षमहाराज, क्षमा असावी. वाद होणार.

ज्यांना मुकुंदराव फक्त बँकेतले साहेब म्हणून माहीत आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. साताऱ्याहून बदलीवर ते उज्जैनला आले, तीन वर्षांसाठी. त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. लोकांना वाटतं, महाकालाने थांबवलं. महाकालाचा यात काही हात नाही. थांबवलं बेसबॉलने. अश्विनी शाळेच्या टीममध्ये होती, राखीव खेळाडू. तिला सोडायला हे ग्राउंडवर जात. दहावीनंतर अश्विनीने खेळ सोडला. बापाने नाही सोडला. अश्विनी, मान हलवू नकोस, खरं तेच सांगतोय. पोरगी नाही आणि बाप रोज सकाळी सातला हजर, म्हणून आधी चौकीदाराने हटकलं, मग कोच मॅडमने विचारलं, मग सगळ्यांनी नाद सोडला.

तिथेच माझी त्यांची गाठ पडली. मी एक बातमी लिहायला गेलो होतो, दहा ओळींची. मुकुंदरावांनी ती छापून आल्यावर त्यात सात चुका काढल्या. आठवी मी स्वतः दाखवली. तेव्हापासून मैत्री.

मार्चमध्ये मुलींच्या राज्याच्या टीमसाठी शिबिर भरतं, महिनाभर. तीस मुली येतात, शेवटी सोळा उरतात. निवडायला तिघांची अधिकृत समिती आहे. आणि मैदानाच्या कडेला, कडुनिंबाखालच्या पायरीवर, आणखी एक तिघांची समिती असते. मुकुंदराव, रेल्वेतून रिटायर झालेले आपले दुबेजी, आणि मी. अधिकृत समितीला खुर्च्या, चहा आणि छत्री. आम्हाला पायरी. त्यांचा निर्णय एका बैठकीत होतो, आमचा महिनाभर चालतो. म्हणून आपलाच जास्त पक्का, असं मुकुंदराव म्हणत.

आमची सोळांची यादी टावर चौकात पोह्यांच्या दुकानाच्या भिंतीवर लागते आणि रविवारी माझ्या सदरात छापून येते. तिला अधिकार शून्य. पण मुली वाचतात. मुलींचे आईबाप वाचतात. आणि अधिकृत समिती "आम्ही ते वाचत नाही" असं इतक्यांदा सांगते, की नक्कीच वाचत असणार.

पहिल्या वर्षी मुकुंदरावांनी यादीच्या डोक्यावर लिहिलं, 'संभावित खेळाडू'. मी म्हटलं, अहो, हे हिंदीत चालेल, तिथे संभावित म्हणजे संभाव्य. संस्कृतात संभावित म्हणजे सन्मान मिळालेला. आणि आपल्या मराठीत संभावित म्हणजे वरून सभ्य दिसणारा, आतलं कोणी बघितलंय! मुकुंदरावांनी पेन पुन्हा उघडलं. "असं का? मग तुमचं नाव सगळ्यात वर लिहितो."

हा माणूस सकाळी यायचा तो मोबाइलवर अमेरिकेतल्या पोरांची नावं वाचूनच. तिकडेही याच दिवसांत शिबिरं भरतात. एकोणीस वर्षांचा कोणी डावखुरा पोरगा, आयुष्यात ज्याचं तोंड दिसायचं नाही, त्याची चिंता हे इथे फ्रीगंजमध्ये बसून करणार. मी विचारलं, तुम्हाला काय करायचंय त्या पोराचं? म्हणाले, "शास्त्रीबुवा, तिकडेही एखाद्या पायरीवर तीन रिकामटेकडे बसले असतील. त्यांना एकटं कसं सोडायचं?"

आता मूळ मुद्दा. यंदाची कॅचर.

कॅचर म्हणजे बॅटिंग करणाऱ्याच्या मागे, तोंडावर जाळी लावून उकिडवी बसते ती. पिचरने टाकलेला बॉल झेलते. आणि समोरच्या टीमची धावपटू पिचरचं लक्ष नसताना पुढच्या बेसवर पळाली, म्हणजे खेळाच्या भाषेत तिने बेस चोरला, तर तिला बाद करायला कॅचरने ताडकन उठून लांब फेकायचं असतं. या जागेसाठी शिबिरात दोघी आहेत. नेहा आणि पायल. दोघी आज इथे आहेत, दाराशी, टीमबरोबर. नेहाचा थ्रो सरळ जातो, छातीच्या उंचीवर, सूं करत. पायलचा जातो, एक टप्पा खातो, विश्रांती घेतो, मग पोचतो. पायल, हसू नकोस, हे मी तुझ्या तोंडावरही बोललोय.

माझं मत नेहा. मुकुंदरावांचं मत पायल. दुबेजींचं मत, जो शेवटी बोलेल तो.

मुकुंदराव म्हणायचे, "तुम्ही हात बघता, मी पिचर बघतो. पायल मागे असली की आपली पिचर खांदे खाली सोडून बॉल टाकते. नेहा मागे असली की आखडते. पिचर नीट टाकत असली तर समोरची बेसवर पोचणारच नाही. मग चोरी कोण करणार? तुम्ही पोलिसाचं धावणं बघताय, मी दाराचं कुलूप बघतोय."

मी म्हटलं, मुकुंदराव, कुलूप कधीतरी तुटतंच. मग धावणाराच लागतो.

"पिचरला धीर लागतो हो!"

धीरच द्यायचा तर रामघाटावरून एक पंडित आणून बसवू मागे.

हे जरा लागलं त्यांना. उठले, टोपी घातली, स्कूटर काढली. हा शुक्रवार. रविवारी त्यांचा फोन आला.

"शास्त्रीबुवा, राग गेला का?"

"राग नव्हताच. मत होतं."

"मग मत गेलं का?"

"नाही."

"बरं झालं. ते गेलं असतं तर मी दिवसभर काय करणार होतो?"

सोमवारी सकाळी आंघोळ करून टोपी शोधत होते. खुर्चीत बसले आणि गेले. डॉक्टर येईपर्यंतही थांबले नाहीत. निर्णयाला एवढा कमी वेळ त्यांनी आयुष्यात प्रथमच घेतला.

मंडळी, त्यानंतर जे सुरू झालं, त्यासाठी मी इथे उभा आहे. दहाव्या दिवशी मुकुंदरावांच्या घरी सगळे बसलो होतो. दुबेजींनी माझा हात धरला. "शास्त्रीजी, अब तो मान जाओ. उनकी आख़िरी इच्छा समझो. पायल का नाम डाल दो." बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणी म्हणालं, हीच खरी श्रद्धांजली. कोणी म्हणालं, आता कसला हट्ट, माणूसच राहिला नाही.

या माझ्या हातात दुबेजींनी सुंदर अक्षरात लिहिलेली यादी आहे. वर लिहिलंय, 'स्वर्गीय मुकुंदरावजी की स्मृति में'. खाली सोळा नावं. कॅचर, पायल. ठरलं असं, की मी ती इथे वाचायची आणि रविवारी छापायची.

मी ती वाचणार नाही.

दुबेजी, बैठिए. बैठिए ना. मुझे पूरा करने दीजिए.

मी वाचणार नाही. गेलेल्या माणसाला चांगलं म्हणायची रीत आहे. मी म्हणतो. मुकुंदराव चांगले होते. या गावात मला त्यांच्याहून चांगला माणूस भेटला नाही. पण कॅचरच्या बाबतीत ते बरोबर नव्हते. त्या शुक्रवारी नव्हते, आणि सोमवारी गेले म्हणून मंगळवारी बरोबर झाले नाहीत. मरण म्हणजे काही मुद्दा नव्हे. मुकुंदरावांनी अकरा वर्षांत माझ्यापुढे शेकडो मुद्दे मांडले. काही भंगार होते, पण मुद्दे होते. हा मुद्दा त्यांनी मांडलेला नाही. हा तुम्ही मांडताय, त्यांच्या वतीने, आणि तोही असा, की ज्याला उत्तर देणं अशिष्ट ठरावं. त्यांनी असं एकदाही केलं नाही.

जिवंतपणी ज्याचं ऐकलं नाही, त्याचं आता ऐकून टाकायचं? का? तो पुन्हा बोलायला येणार नाही म्हणून? ही श्रद्धांजली नव्हे. हे त्या माणसाला गप्प बसवणं आहे. मृत्यूने मुकुंदरावांना नेलं. नेलं, काय करणार. पण वाद नेलेला नाही. वादावर त्याचा हक्क नाही. तो आमचा आहे.

आणि यात मला दोनच माणसांनी साथ दिली. एक वहिनी. वहिनी, सांगू ना? दुबेजींनी यांना मध्ये घातलं, तर या म्हणाल्या, "मला त्या खेळातलं काही कळत नाही. पण हे रोज घरी येऊन सांगायचे, आज शास्त्री जवळजवळ मानला होता. अकरा वर्षं तुम्ही जवळजवळच मानत आलात. आता एकदम पूर्ण मानलात, तर त्यांना संशय येईल."

दुसरी, पायल. देवास गेटवर ऑटो चालवणाऱ्या माणसाची ही मुलगी. याआधी चार वर्षं शिबिराला आली, चारही वेळा तिसांत होती आणि सोळांत नव्हती. यंदा वयात बसण्याचं शेवटचं वर्ष. हिच्यासाठी त्या भिंतीवरच्या कागदाची किंमत काय असेल, ते माझ्यापेक्षा तिला जास्त कळतं. काल ती माझ्या दारात आली. मला वाटलं, विनवायला आली. म्हणाली, "अंकल, वो लिस्ट मत छापना."

मी म्हटलं, अगं, तुझं नाव आहे त्यात.

"इसीलिए. तेरहवीं में नहीं चाहिए मुझे टीम. सब बोलेंगे, प्रसाद में मिली है."

मी विचारलं, हे मी सभेत सांगू का? म्हणाली, "सबके सामने बोलना. और ये भी बोलना कि मेरा थ्रो अब टप्पा नहीं खाता, सीधा जाता है."

बघा. ही मुलगी वाद घालतेय! मुकुंदरावांची खरी निवड मला काल दारात दिसली. म्हणून ही यादी मी घडी करतो, ही अशी, आणि दुबेजींना परत देतो. दुबेजी, अक्षर सुंदर आहे. मजकूर परवा बघू.

परवा शनिवारी सकाळी सातला शिबिराचा शेवटचा सराव सामना आहे. कोच मॅडम नेहाला चार इनिंग देणार, पायलला चार. हे त्यांनी शोकापोटी ठरवलेलं नाही, मी विचारून घेतलं. चिडल्याच माझ्यावर. दुबेजी आणि मी पायरीवर असू. पायल, जागा हवी असेल तर ती माझ्याकडून घे, मुकुंदरावांकडून नको. पिचरचे खांदे मीही बघेन, कबूल. पण थ्रोही बघेन. नेहा, तू तिला काही सोडू नकोस. दया दाखवलीस तर तुझं नाव मी राखीवमध्येही घालणार नाही. मी चुकलो, तर रविवारच्या सदराची पहिली ओळ 'मी चुकलो' अशी असेल. नाही चुकलो, तर नेहाचं नाव छापेन, आणि समोर मुकुंदरावांचा फोटो ठेवून छापेन.

कोणी विचारेल, शास्त्रीबुवा, मनातून तरी तुम्हाला हरायचं आहे ना? नाही. मला जिंकायचं आहे. अकरा वर्षांत आपण एकदाही हरलो नाही असं त्यांना वाटायचं, मला एकदा तरी निखळ जिंकायचं आहे. फक्त जिंकलो, तर सांगायला कोणाच्या दारात जाऊ, एवढं अजून ठरलेलं नाही.

आता सगळ्यांनी उभं राहू या. मुलींनो, टोप्या काढा. वहिनी, तुम्ही बसून राहा, चालेल. दोन मिनिटं आपण कोणीही काही बोलणार नाही.

मुकुंदराव, नमस्कार. ही दोन मिनिटं तुमची. पण आमच्या या मौनाला संमती समजू नका.