अण्णांची कात्री

सेन्सॉर बोर्डाचं काय घेऊन बसलात, आमचे अण्णा बघा! दोन पोरींच्या प्रेमावरचा, वादात अडकलेला तमिळ पिक्चर मी मुद्दाम घरी लावला. त्या दोघी जवळ आल्या की अण्णा रिमोटनं पुढं पळवायचे. शेवटी दोघी ढसाढसा रडायला लागल्या.

अण्णा म्हणाले, “ह्या रडायल्यात कशाला? काही झालंच नाय की!”

“जे झालं ते तुम्हीच पळवलं,” म्हणत आईनं रिमोट काढून घेतला. “आता पहिल्यापासून बघू. आपली पोरगी लई दिवसांपासून हा बघा म्हणून मागं लागलीय. तिला काहीतरी सांगायचं असंल.”

अण्णा माझ्याकडं बघतच राहिले. मग उठले.

“थांबा जरा, चष्मा आणतो. खालचं भाषांतर नीट वाचावं लागंल.”