डावा गाल आणि लिनालूल

...अहो, हसताय काय! आता बरा झालाय, पण महिन्यापूर्वी माझा डावा गाल बघायला हवा होता! लालबुंद, आणि खाज अशी, की गिऱ्हाइकाचं माप घ्यावं की गाल खाजवावा? तुम्हाला सांगतो, तीस वर्षं कपडे शिवतोय, पण छाती बेचाळीसऐवजी चोवीस कधी लिहिली नव्हती. शर्ट नेलेला माणूस दुसऱ्या दिवशी तो नाचवत परत आला!

आणि उजवा गाल ठणठणीत! शेवटी गेलो डॉक्टरीणबाईंकडे. कशाची ॲलर्जी ते बघायला पाठभर पट्ट्या चिकटवल्या, दोन दिवस आंघोळ बंद, आणि मग म्हणतात, "तुम्हाला लिनालूल चालत नाही." लिनालूल! मला वाटलं, कुणाच्या तान्ह्या बाळाचं नाव! तर ते क्रीममधलं, साबणातलं वासाचं रसायन. म्हटलं, "बाई, मी तोंडाला पाणीसुद्धा नाइलाजानं लावतो!" "मग घरात क्रीम कोण लावतं?"

कोण लावणार? आमची ही! हाताला क्रीम चोपडायचं, दुकानातला फोन उचलायचा, आणि पलीकडचा माणूस चिडलेला असला की लगेच गोड आवाजात, "अहो, तुमच्यासाठी!" माझ्या हातात कात्री, मग फोन कुठे? डाव्या गालाखाली! म्हणजे शिव्याही मीच खायच्या आणि पुरळही मलाच! वास मात्र... आहाहा!

सोबत आलेली ही पर्समधली डबी दाखवत फणकारली, "फुलांचा अर्क आहे तो, नैसर्गिक! मग मला कसं काही होत नाही?" डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "फुलांतही हेच असतं. बऱ्याच जणांना चालतं, यांना नाही चालत. त्यात डबी जुनी. हवा लागून लागून ते आणखी त्रासदायक होतं." जुनी असणारच हो! मीच आणली होती, लग्नाच्या वाढदिवसाला. पुरवून पुरवून वापरत होती बिचारी. वास मात्र... आहाहा!

 घरी येऊन हिनं डबी खणात टाकली, बिनवासाचं मलम आणलं. आठ दिवसांत गाल गुळगुळीत! पण ही शेजारी बसून बटणं लावतेय आणि वासच नाही... परकं कुणी येऊन बसल्यासारखं वाटायचं. खरं सांगतो, मला करमेना! परवा ही बाहेर गेली, खण उघडला, म्हटलं एकदाच... नाक जरा जास्तच आत गेलं. आहाहा!

...अहो, नाकाकडे असं बघू नका ना. हिला सांगितलंय, सर्दी झालीय.