बाईंना मध्येच तोडू नये

छे छे, पाणी नको गं पोरी. पाणी प्यायचं म्हणजे थांबावं लागतं, आणि मला थांबवलं असं कुणी म्हणालं तर तुलाच खुलासा द्यावा लागेल. ठेव तिथेच. आणि "आजी, साधारण किती वेळ?" हे पुन्हा विचारू नकोस. मला वाटेल तितका, असं कागदावर लिहिलेलं आहे.

तर मंडळी. समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, निवृत्त न्यायमूर्ती साहेब, ज्यांना आज निरोप द्यायचाय ते आपल्या विधी महाविद्यालयाचे प्राचार्य सर, त्यांच्या शेजारी बसून सारखा चष्मा पुसणारे बडे वकीलसाहेब, प्राध्यापक वर्ग, ज्या खुर्च्यांवर बसायची परवानगी आहे त्यांवर बसलेले माजी विद्यार्थी, आणि ज्यांवर नाही त्यांच्या शेजारी उभे असलेले आजचे विद्यार्थी, तुम्हा सर्वांना या बाईचा नमस्कार.

नव्या पाहुण्यांना कोडं पडलं असेल, की अध्यक्षांना कँटीनमधली प्लास्टिकची खुर्ची का? बाकीच्या सगळ्या शिसवी, गादीच्या, आणि नेमकी यांची डुगडुगती? सांगते. या शिसवी खुर्च्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याने दिल्यात. ते फौजदारी वकील. जन्मभर न्यायाधीशांसमोर उभं राहून त्यांचे गुडघे गेले. म्हणून देताना अट घातली, की या खुर्च्यांवर कुणाही न्यायाधीशाने बसू नये, आजी असो की माजी. साहेब, हलू नका फार. डावा पाय कच्चा आहे तिचा.

हे असं का झालं? कारण आपले प्राचार्य सर. सर, तुमची मुलं तुम्हाला पाठीमागे 'झोळीसर' म्हणतात. तुम्हाला माहीत नव्हतं? मग मी काही बोलले नाही.

पण खरंच सांगते, या माणसाने झोळी पसरली म्हणून हे कॉलेज उभं राहिलं. नुसत्या फीवर कॉलेज चालत नाही. छप्पर गळतं, पुस्तकं फाटतात, हुशार पोरं फी नाही म्हणून घरी बसतात. सर एकेका माजी विद्यार्थ्याच्या दारात गेले. कुणाच्या लग्नात मांडवात उभं राहून मागितलं, कुणाच्या दातांच्या दवाखान्यात, तो आ करून बसलेला असताना मागितलं. त्याला नाही म्हणता आलं नाही, त्याने मान हलवली, सरांनी पावती फाडली.

चुकलं एवढंच, की झोळी पसरली ती वकिलांपुढे. दुसऱ्या कुणापुढे पसरली असती तर नुसते पैसे पडले असते. वकिलांपुढे पसरल्यावर अटी पडल्या.

वर बघा. ते दोन पंखे. उजवा एका वकिलांनी दिला, डावा त्यांच्या घटस्फोटित पत्नीने. त्याही इथल्याच माजी विद्यार्थिनी. दोघांनीही लिहून ठेवलंय, की समोरचा पंखा चालू असताना आमचा चालवू नये. म्हणून तो बिचारा शिपाई दर थोड्या वेळाने उठून एक बंद करतो, दुसरा लावतो. तुम्ही म्हणत असाल, याला एका जागी बसवत का नाही? अहो, तो दोन्ही पक्षांना न्याय देतोय.

आणि हा मोठा दरवाजा. तो जमिनीचे दावे लढवणाऱ्या वकिलांनी दिला. दरवाजा कॉलेजचा, पण त्यातून आधी जायचा हक्क त्यांचा. आज त्यांना सर्दी. घरून निघायला उशीर झाला. आपण सगळे, हारतुरे हातात घेऊन, उन्हात बाहेर उभे! उत्सवमूर्ती खिडकीतून आत आले. सर, या वयात तुम्ही खिडकी चढलात ते बघून मला वाटलं, यांना निवृत्त का करताहेत?

आता छप्पर. हे डोक्यावरचं छप्पर माझ्या यजमानांनी दिलं. तेही इथेच शिकले, दिवाणी वकिली केली. त्यांच्या दानपत्रातली अट तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, नव्या लोकांसाठी सांगते. "या छपराखाली होणाऱ्या प्रत्येक समारंभात माझ्या पत्नीस बोलण्यास बोलवावे. ती वाटेल तितका वेळ बोलेल; ती बोलत असता कोणीही तिला मध्येच तोडू नये. तोडल्यास छप्पर काढून नेण्याचा हक्क तिला राहील."

मी कुठे नेऊ हो छप्पर? दोन खोल्यांत राहते मी. पण हक्क आहे.

ते गेले त्या आठवड्यात सर घरी आले आणि त्यांनी हे मला वाचून दाखवलं. मला हसू फुटलं. पदर तोंडाला लावला. भेटायला आलेल्या बायकांना वाटलं हुंदका, त्यांनी आणखी जवळ घेतलं. मला सुटता येईना.

कारण हसू नको तर काय करू? या माणसाने उभ्या संसारात माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं! मी म्हणायचे, "अहो, दूध नासलं. सकाळी शेजारीण आली होती ना, तिची जाऊ..."

"मुद्दा?" पेपरातून डोकं वर नाही.

"सांगतेय ना. तिची जाऊ..."

"चहा आहे की नाही? हो किंवा नाही."

"नाही."

"मग जाऊ कशाला आणलीस?"

"तिनेच दूध उघडं ठेवलं म्हणून!"

"तू पाहिलंस? की शेजारणीने सांगितलं?"

"शेजारणीने."

"मग ते ऐकीव. पुढे?"

"पुढे तुमचं डोंबल!"

असं जुंपायचं आमचं. मग दोघं बसून कोरा चहा प्यायचो, आणि मी म्हणायचे, "जावेनेच ठेवलं होतं," आणि हे म्हणायचे, "शाबीत झालेलं नाही."

मी गावच्या शाळेत शिकलेली. तिथे बोलते म्हणून गुरुजी वर्गाबाहेर उभं करायचे, मग मी बाहेरून खिडकीतून बोलायचे. मला कायदा काय कळणार? पण हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. ज्याने मला जन्मभर तोडलं, त्याने मला कुणी तोडू नये म्हणून आख्खं छप्पर का द्यावं? कुणी म्हणतं प्रेम. सर दर वर्षी प्रास्ताविकात 'दांपत्यप्रेमाचा आदर्श' म्हणतात, आणि यांच्या फोटोकडे बघतात. पण सर, तुम्हाला एक माहीत नाही. विद्यार्थी असताना याच सभागृहात वादविवाद स्पर्धेत हे बोलत होते, आणि ऐन मुद्द्यावर आले तेव्हा परीक्षकांनी घंटा वाजवली. त्यांचा शेवटचा मुद्दा राहून गेला. म्हातारपणापर्यंत आमटी वाढताना तो मुद्दा मी ऐकलाय. तेव्हा मला अशी शंका येते, की ही मला दिलेली भेट नसेल. ही तुम्हाला दिलेली शिक्षा असेल!

हसा ना. का दाबताय? हां, तो ठराव. लक्षातच नाही राहिलं. मंडळी, मी पहिल्यांदा बोलले तेव्हा कुणीतरी मध्येच टाळी वाजवली. झालं, प्राध्यापकांची बैठक. टाळी म्हणजे तोडणं होतं का? एक पक्ष म्हणाला, होतं. दुसरा म्हणाला, अनुमोदन आहे. तेव्हापासून टाळी शेवटीच. मग हसण्याचं निघालं. अनावर हसू चालेल, पण ते अनावर होतं हे हसणाऱ्याने पटवून द्यायचं. आता कोण त्या भानगडीत पडतो! म्हणून सगळे असे गाल फुगवून बसतात. राज्यघटना शिकवणाऱ्या प्राध्यापिकाबाई, तुम्ही श्वास घ्या हो, लाल झालात.

आणि समारंभ तरी किती! रक्तदान शिबिरातही बोलावलंत मला. माणसं आडवी, हातात सुया, आणि मी माझी जावेची गोष्ट सांगतेय. कुणी पळूनही जाऊ शकत नव्हतं. एकदा वीज गेली, माईक बंद, अंधार गुडुप. मी आपली बोलतेय. कुणी "बाई, दिवे येऊ द्या" म्हणालं नाही. दिवे आले तेव्हा सगळे जागच्या जागी, हात मांडीवर.

बरं. आता ज्यासाठी सगळे माझ्या पर्सकडे बघताहेत, त्याच्यावर येते.

हे बडे वकीलसाहेब, आपलेच माजी विद्यार्थी, मोठ्या कंपन्यांची कामं करतात. फीअभावी मध्येच शिक्षण सुटणाऱ्या मुलांसाठी ते मोठा निधी देताहेत. इतका मोठा, की आकडा ऐकून सरांनी आधी खुर्ची शोधली, मग आपल्याला त्या खुर्चीत बसायची परवानगी आहे का ते पाहिलं. आणि साहेबांची अट एकच. कॉलेजात कुठलीही अट नको. जुन्या सगळ्या देणगीदारांनी आपापल्या अटी सोडल्या तरच निधी, आणि तेही आज, सर खुर्चीवर आहेत तोवर.

सगळ्यांनी सह्या केल्या. पंखेवाल्यांनी एकाच पेनाने केल्या, आणि पेन कुणाचं यावरून पुन्हा भांडले. दरवाजावाल्यांनी शिंकत केली. खुर्चीवाल्यांनीही केली. नाही न्यायमूर्ती साहेब, बसा, इतक्यात उठू नका. सगळ्यांच्या झाल्याशिवाय कुणाचीच लागू होत नाही. एक सही राहिलीय. या बाईची.

आणि ती नाही झाली, तर ही सूत्रसंचालन करणारी पोरगी उद्यापासून इथे नाही. वडील कुलपं दुरुस्त करतात हिचे. शेवटचं वर्ष, फी भरायची शेवटची तारीख आज. मघाशी मला पाणी देताना नजर माझ्या पर्सवर होती तिची. मी विचारलं, "घाबरतेस का गं?" तर म्हणाली, "नाही आजी, आपण बोला." किती गोड खोटं बोलते! चांगली वकील होणार.

मग तुम्ही म्हणाल, बाई, कुणी मागितली का तुमच्याकडे सही? इथेच तर गंमत आहे. सर आले होते मागच्या आठवड्यात. मी दार उघडलं, "या सर, बसा, आज कशी वाट चुकली," असं म्हटलं, आणि मी आपली नेहमीप्रमाणे सुरू झाले. आता सर कायद्याचे माणूस. "तोडू नये" या वाक्यात छपराचा उल्लेख नाही, म्हणजे माझ्या घरातही ते लागू असू शकतं, अशी त्यांना धास्ती. बसले. मी गुडघेदुखीचं सांगितलं. गॅसवाल्याचं सांगितलं. मला दिसत होतं, खिशातून कागद अर्धा वर येतोय, पुन्हा आत जातोय.

मी म्हटलं, "सर, तुम्हाला काही बोलायचंय का?"

"नाही नाही, आपलं चालू द्या."

"अहो बोला की."

"आपलं पूर्ण झालं का?"

"छे, आत्ता तर जावेपर्यंत आलेय."

"मग होऊ द्या."

शेवटी चहा थंड करून, बशीखाली कागद सरकवून निघून गेले. दातांच्या दवाखान्यात मागणारा माणूस! माझ्याकडे मागता आलं नाही. कारण मागायचं तर मला तोडायला हवं, तोडलं तर छप्पर जाणार, आणि छप्पर जाऊ नये म्हणून ज्या कागदावर सही हवी, तो कागद मागायलाच तोंड उघडता येत नाही.

सर, तुमचा आज इथला शेवटचा दिवस. सगळ्या जगाकडे मागितलंत. मी इतका वेळ बोलतेय, मुद्दाम श्वास न घेता बोलतेय. एकदा म्हणा, "पुरे झालं बाई, सही करा." छप्पर नेणार नाही मी, शब्द देते. म्हणा ना. वकीलसाहेब, तुम्ही म्हणा. न्यायमूर्ती, तुम्ही तर जन्मभर लोकांना गप्प केलंत. अगं पोरी, तू म्हण. तुझीच फी आहे ना?

नाही? कुणीच नाही?

पोरीने ओठ हलवले, मी पाहिलं. पुढच्या वर्षी कोर्टात मोठ्याने हलव हं.

बरं, हा काढला पर्समधून कागद. पेन द्या कुणीतरी. ते भांडणाचं नको. हं. इथे का? आणि इथेही. हे चहाचं वर्तुळ आलंय कागदावर, चालतं ना? घ्या. झाली सही. न्यायमूर्ती साहेब, त्या शिसवी खुर्चीवर बसा आता, खुशाल पाठ टेका. शिपाईदादा, दोन्ही पंखे लावा. सर, तुम्ही दरवाजातून जा घरी. आणि मला, आता या क्षणापासून, कुणीही तोडू शकतं.

तोडा की.

अजून गप्पच! सवय लागलीय तुम्हाला.

असो. सर, तुमच्या झोळीत आम्ही काय काय टाकलं, ते तुम्ही हसून उचललंत. तुम्हाला निरोगी, रिकामटेकडं आणि बिनअटीचं आयुष्य लाभो. बड्या वकीलसाहेबांचे आभार, संस्थेचे आभार, माईकवाल्याचे तर फारच आभार. म्हाताऱ्या बाईच्या तोंडून कुणाला अधिक-उणं बोललं गेलं असेल तर घरी न्या आणि तिथे विसरा.

आणि एक, जे मी आजवर बोलले नाही. मला भाषणाची हौस कधीच नव्हती. घरात आता मी बोलायला लागले की बोलतच राहते, शेवटपर्यंत, आणि वाक्य पुरं झालं की भिंतीकडे बघत बसते. प्रत्येक वेळी मी इथे एवढ्याचसाठी आले, की कुणीतरी मला मध्येच तोडावं.